किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या जलरंगात: चित्रात मेहनत दिसायची कशी?

कागदी_होडी

नमस्कार मंडळी. कोकणातल्या होड्यांची मालिका करायची आहे, पाव इम्पीरियल आकारात (११ × १५ इंच), ३०० जीएसएम कॉटन कोल्ड प्रेस (खरखरीत पोताच्या) कागदावर. सराव भरपूर झालाय, पण चित्रं गोडगोड होतात. निळा आकाशपट्टा, लाल-निळी होडी, दोन नारळ, संपलं. ज्या होडीवर चार-सहा घरं चालतात, ती चित्रात शोभेची वस्तू होऊन बसते.

नेमक्या अडचणी अशा. होडी वाळूवर टेकलेली वाटत नाही, तरंगते. तिचे रंग कच्चे आणि भडक दिसतात. जाळ्यांचा ढीग गवताच्या भाऱ्यासारखा होतो. आणि कष्ट दाखवायला म्हणून डोक्यावर पाटी घेतलेली बाई टाकली की चित्र थेट कॅलेंडरवर जातं. माणसं न टाकता, किंवा कमीत कमी टाकून, हे जमेल का? मे ते ऑगस्ट या काळात हर्णै आणि मालवण असा बेत आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खाडीकाठ

रंगांबद्दल इतर लोक सांगतील, मी होडीबद्दल लिहितो. तुमची अडचण बहुतेक तिथेच आहे. मे ते ऑगस्ट म्हणता, पण या चार महिन्यांत किनाऱ्यावरची होडी चार वेगळ्या अवस्थांत असते. महिना ठरवल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, म्हणजे ६१ दिवस. मे अखेरीची होडी हंगाम संपवून आलेली असते. रंगाचे पोपडे, पाण्याखालच्या भागावर हिरवं शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, धुराड्याच्या मागे काजळीचा ओघळ. जूनमध्ये ती भरतीच्या रेषेच्या वर ओढलेली दिसेल. दोन्ही बाजूंना लाकडी टेकू, पठाणाखाली (तळाच्या मधल्या मुख्य लाकडाखाली) ओंडके, वर नारळाच्या झापांचं किंवा हल्ली निळ्या ताडपत्रीचं छप्पर. इंजिनाचे सुटे भाग घरी गेलेले, पंखा काढून ठेवलेला, शाफ्टच्या टोकाला गोणपाट बांधलेलं. जुलैत पाऊस उघडला की खरवडणं सुरू होतं. फळ्यांमधल्या फटींतला जुना कापूस काढून नवा पीळ ठोकतात, राळ भरतात, लाकडाला माशाचं तेल पाजतात. लाल प्रायमरचे ठिगळासारखे पट्टे दिसतात ते याच काळात. फायबरची होडी असेल तर तडा गेलेल्या जागी घासून नवा थर चढवतात, ती जागा पिवळट-राखी आणि खरखरीत राहते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तीच होडी चकचकीत, नाळेला (पुढच्या उंच टोकाला) हार, नव्या दोऱ्या. अनेक पारंपरिक मच्छीमार बंदी उठली तरी नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

तुमच्या चित्रांत मे महिन्यातली जाळी, जूनमधली ताडपत्री आणि ऑगस्टमधला रंग एकाच होडीवर येत असणार. गोडपणा तिथून येतो. बघणाऱ्या मच्छीमाराला ते एका नजरेत कळतं, इतरांना नुसतं काहीतरी खोटं वाटतं.

आता जवळून बघायच्या खुणा.

खिळ्यांच्या डोक्यांपासून गंजाचे ओघळ निघतात. होडी पाण्यात सरळ उभी असताना पडलेले ओघळ पठाणाच्या दिशेने जातात. होडी वाळूवर कलली की ते ओघळ तिच्याबरोबर तिरके होतात. पावसाळ्यात कललेल्या अवस्थेत पडलेले नवे ओघळ मात्र सरळ जमिनीकडे येतात. दोन कोनांचे ओघळ एकाच फळीवर दिसले तर होडी किती दिवस तशीच पडून आहे ते समजतं. चित्रकार सगळे ओघळ सरसकट उभे काढतात आणि होडीचा कल तिथेच मरतो. पाण्याच्या रेषेचंही तेच, ती होडीबरोबर तिरकी होते, क्षितिजाला समांतर राहत नाही.

होडीच्या काठावर जिथून जाळं ओढतात तिथे रंग टिकत नाही. लाकूड गुळगुळीत, काळपट, दोरीच्या खाचा पडलेलं. हे बहुतेक एकाच बाजूला असतं. तीच बाजू तुमच्याकडे तोंड करून असेल असं बसा. खरवडल्यावरही शिंपल्यांच्या बुडख्यांच्या पांढऱ्या गोल खुणा राहतात, त्या पाण्याच्या रेषेखालीच. वर एकही काढू नका.

खाडीत नांगरलेल्या होडीची गोष्ट निराळी. ओहोटीला ती चिखलात एका कुशीवर पडते. कोणत्या कुशीवर पडावी हे मालक आधी ठरवतो, डोलकाठीला दोर लावून किंवा आतलं ओझं सरकवून. वर आलेली बाजू त्या ओहोटीत खरवडून घेतात, दुसरी पुढच्या ओहोटीला. त्यामुळे अर्धी स्वच्छ आणि अर्धी शेवाळलेली होडी हे खरं दृश्य आहे, आणि चित्राला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. पावसाळ्यात हर्णैच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. जून-जुलैत हर्णैच्या पुळणीवर गर्दी शोधू नका, खाडीकडे वळा.

ओला_ब्रश

वरचा प्रतिसाद छापून घ्या आणि पॅलेटच्या झाकणाला चिकटवा. आता रंगाचं.

तरंगणाऱ्या होडीचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. तळ आणि वाळू जिथे भेटतात तिथली गडद रेघ फिकट पडलेली असते, किंवा सगळीकडे सारख्या जाडीची असते. होडी वाळूवर रेघेवर टेकत नाही, खड्ड्यात बसते. भरतीचं पाणी तिच्याभोवती फिरून वाळू उकरतं, ओहोटीला तिथे थोडं पाणी साचून राहतं. आधी तो खोलगट भाग पेन्सिलीने काढा. मग पठाणाला लागून अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग असा दाट, सायीइतका घट्ट रंग ८ नंबरच्या गोल ब्रशने लावा आणि लगेच, तो ओला असतानाच, बाहेरची कड स्वच्छ ओलसर ब्रशने विरघळवा. होडीकडची कड धारदार, वाळूकडची मऊ. फिक्या उन्हाच्या सावलीत हाच रंग सिएनाकडे झुकवा, एक भाग निळा आणि दोन भाग सिएना.

ओली वाळू आणि कोरडी वाळू यांत रंगाचा नाही, गडदपणाचा फरक असतो. कोरडी वाळू पाच पायऱ्यांच्या पट्टीवर दुसऱ्या पायरीवर, ओली चौथ्यावर. तारकर्लीची वाळू पांढरट, रत्नागिरीच्या मांडवीची काळी. यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सगळ्या कोकणाला फासू नका. काळ्या वाळूसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दोन्ही पातळ करून ओल्या कागदावर सोडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि वाळूचा पोत आपोआप मिळतो. त्यात ब्रश फिरवत बसलात की कण उठतात आणि नुसता चिखल उरतो.

भडक रंग. होडीचा निळा ट्यूबमधल्या निळ्याशी जुळला की आपण खूश होतो आणि तोच निळा उन्हात, सावलीत, पोटाखाली सगळीकडे लावतो. होडीची एकच बाजू तीन वेगळ्या रंगांची असते. उन्हातली फिकी आणि किंचित पिवळसर, सावलीतली गडद आणि मळकट, आणि पोटाखालच्या वळणावर वाळूचा उजेड परतून आलेला, म्हणजे उबदार. क्रम असा ठेवा: उन्हातल्या भागाला पातळ सेरुलियन (आकाशी निळा). तो पूर्ण वाळल्यावर सावलीसाठी अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना, पहिल्यापेक्षा दुप्पट दाट. हा वॉश ओला असतानाच पोटाच्या वळणावर यलो ऑकरचा एक ठिपका सोडा. ढवळू नका.

पोपड्यांसाठी उलटा क्रम. आधी खालचा जुना थर लावा, म्हणजे लाल प्रायमर किंवा गेल्या वर्षीचा हिरवा किंवा उघडं लाकूड. पूर्ण वाळू द्या. मग वरचा रंग अर्धवट कोरड्या ब्रशने, ब्रश आडवा धरून, फळीच्या दिशेने एकदाच ओढा. कोल्ड प्रेसच्या उंचवट्यांवर रंग बसतो, खाचांतून जुना थर डोकावतो. दोनदा ओढलात की खाचा बुजल्या. पोपडे सगळ्या होडीवर सारखे पसरू नका. पाण्याच्या रेषेजवळ, काठावर आणि नाळेच्या टोकाला जास्त, मधल्या फळ्यांवर कमी.

पांढऱ्या पट्ट्यासाठी कागद राखा. मास्किंग फ्लुइड (कागद झाकून ठेवणारं पातळ रबर) वापरत असाल तर ते उन्हात तापू देऊ नका, रबर कागदाला चिकटतं आणि काढताना वरचा पापुद्रा घेऊन येतं. दोऱ्यांच्या उजळ रेघांसाठी पातं किंवा ब्रशच्या दांडीचं टोक वापरा, पण वेळ साधा. वॉशची चमक गेलेली असावी आणि कागद अजून गार लागत असावा. तेव्हा खरवडलं तर रंग बाजूला सरून उजळ रेघ येते. चमक असताना खरवडलं तर ओरखड्यात रंग भरतो आणि रेघ उलट काळी होते.

आणि बसा. उभं राहून काढलेल्या होडीचं क्षितिज काठाच्या वर जातं, ती वरून पाहिलेली बाहुली वाटते. वाळूत मांडी घालून बसलात की डोळ्यांची पातळी अडीच फुटांवर येते, क्षितिज होडीच्या पोटातून जातं आणि नाळ आभाळात घुसते. तिचं वजन तेव्हा कळतं.

तिथीपाऊण

वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब: तिथीचा आकडा गुणिले पाऊण. पंचमीला ५ × ¾, म्हणजे पावणेचार. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास, म्हणजे दहाला. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या बाजूला बरा बसतो, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. पाण्यात उतरणाऱ्यांनी अर्थातच छापील तक्ता पाहावा, चित्रकाराला एवढं पुरे.

यातून कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. पाणी सर्वांत लांब जातं, होड्या उघड्या पडतात आणि ऊन तिरपं असतं. अष्टमीच्या भांगाला (कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला) ओहोटी बाराला. ऊन डोक्यावर, पाणीही फारसं हटत नाही. चित्रासाठी अष्टमी जवळजवळ वाया. मुंबईकडे उधाणाची चढउतार चार मीटरच्या वर जाते, मालवणला साधारण निम्मी. त्यामुळे मालवणात होडी किती उघडी पडेल याची अपेक्षाही निम्मी ठेवा.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन जमिनीच्या बाजूने येतं, समुद्राकडे पाहात बसलात तर होडीची तुमच्याकडची बाजू उजेडात. संध्याकाळी तीच बाजू पूर्ण सावलीत जाते आणि होडी काळी आकृती होते. पोपडे, ओघळ, खाचा दाखवायच्या असतील तर सकाळ. संध्याकाळी नुसता सूर्यास्त हाती लागतो, आणि ते कॅलेंडर तुम्हाला नकोच आहे.

निळीशाई

एक छोटा मुद्दा. होडीवर लिहिलेला नोंदणी क्रमांक (आयएनडी-एमएच असा सुरू होणारा) चित्रात जसाच्या तसा उतरवू नये. त्यावरून मालक सापडतो. चित्र विकायचं असेल, किंवा होडी मोडकळीला आलेली दाखवायची असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय ते बरं दिसत नाही. अक्षरांच्या जागी दोन-चार तुटक फटकारे पुरतात.

खाडीकाठ

@निळीशाई, नंबरबद्दल सहमत, पण नाव मात्र ठेवा. होडीवरचं नाव देवाचं, आईचं किंवा मुलीचं असतं आणि ते बहुधा गावातल्या रंगाऱ्याने लिहिलेलं असतं. त्या अक्षरांच्या वळणातही कोणाची तरी रोजी आहे. पुसट फटकारे मारले की होडी कोणाचीच राहत नाही. मालकाला विचारून नाव घ्या. क्रमांकातले शेवटचे आकडे दोरीच्या वेटोळ्याखाली झाकता येतात.

निळीशाई

मला नावही नको वाटतं. चित्रात वाचता येण्यासारखी अक्षरं आली की डोळा आधी तिथे जातो, तुमच्या त्या दोन कोनांच्या ओघळांकडे नंतर. ज्याची त्याची पसंती.

कागदी_होडी

अमूल्य माहिती. तिथीचा हिशोब तर वहीत उतरवून घेतला. दोन शंका राहिल्या. जाळी कशी काढायची? आणि जून-जुलैत बाहेर बसून वॉश वाळणार कसा? पावसाळी हवेत कागद टीपकागदासारखा रंग पितो असा अनुभव बऱ्याच जणांनी लिहिलाय.

ओला_ब्रश

दमटपणाचं आधी. रंग आत शोषला जातो आणि डाग पडल्यासारखा पसरतो, तेव्हा कागदाचं साइझिंग (रंग लगेच आत जाऊ न देणारा लेप) गेलेलं असतं. कॉटन कागदाला बहुधा जिलेटिन चोपडलेलं असतं. कोकणातल्या पावसाळी हवेत त्याला बुरशी खाते. कागदाच्या कडेला फिके तपकिरी ठिपके दिसले तर तो गठ्ठा चित्रासाठी संपला, रंगांच्या चाचणीला ठेवा. नवा कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि रोज लागेल तेवढाच बाहेर काढा. चारी बाजूंनी चिकटवलेला ब्लॉक असेल तर उत्तम, कारण फळीला टेपने लावलेला कागद ओल्या हवेत फुगतो आणि मधे तळं होतं.

वॉश वाळायला मे महिन्यात तीन-चार मिनिटं, जुलैत अर्धा तासही पुरत नाही. तेव्हा पद्धतच बदला. पावसाळ्यात थरावर थर चढवू नका. ओल्यात ओलं एकदाच, आणि बाकी सगळं पेन्सिलीवर. दाट ग्रॅफाइटची रेघ, त्यावर दोन किंवा तीन रंगांचा एकच हात. शिवाय अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब गेला की फुलकोबीसारखी कड उमटते. आभाळात ती घाण दिसते, पण शेवाळलेल्या तळावर मुद्दाम सोडून द्या, शेवाळाचे डाग तसेच असतात.

समुद्राचं पाणी रंगायला घेऊ नका. बरेच जण हौसेने घेतात. मिठाचे कण कागदावर पांढरे उमटतात ते एक वेळ चालतं, पण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि ते चित्र पावसाळ्यात कधीच नीट वाळत नाही. काचेमागे गेलं की बुरशीला आमंत्रण. गोडं पाणी दोन लिटर न्या, एक डबा ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ वॉशसाठी.

दालदीपाग

जाळ्यांवर मी लिहितो.

ढीग गवतासारखा दिसतो कारण चित्रकार तो निरर्थक गुंता समजून रेघोट्या मारतो. जाळं होडीत कधीच कसंही टाकत नाहीत. नीट बघा: वरच्या दोरीचे बोये (तरंगणारे गोळे) एका बाजूला रचलेले असतात, खालच्या दोरीची शिशाची वजनं दुसऱ्या बाजूला, आणि मधे जाळं घडीवर घडी. समुद्रात सोडताना ते न अडकता सरसर सुटावं म्हणून ही रचना. चित्रात बोयांची गोल-गोल रांग एकीकडे, दोरीची वेटोळी दुसरीकडे आणि मधे मऊ घड्या एवढं दिसलं की पाहणाऱ्याला त्यामागचे हात जाणवतात.

रंगवताना मोठा आकार आधी. गवताचा भारा वर ताठ उभा राहतो, जाळं मात्र वजनाने खाली ओघळतं, म्हणून ढिगाची वरची कड गोलाई घेतलेली आणि खालची पसरट ठेवा. ट्रॉलच्या (नौकेमागे ओढायच्या) जाड जाळ्याला विटकं हिरवं किंवा नारिंगी, गिलनेटच्या (पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्याच्या) बारीक नायलॉनला जवळजवळ पारदर्शक राखाडी. पहिला फिका वॉश, ओला असतानाच घड्यांच्या पाठीवरचा रंग पिळलेल्या ब्रशने उचला. वाळल्यावर घड्यांच्या मधल्या खाचा गडद करा. जाळ्याची घरं काढायचीच असतील तर फक्त उजेडाच्या कडेला पाच-सहा, रिगर म्हणजे लांब केसांच्या बारीक ब्रशने, कमी-जास्त आकाराची. पूर्ण ढिगावर घरं काढलीत की खिडकीची जाळी होते.

सांधायला दोन होड्यांच्या मधे ताणलेलं जाळं हा वेगळा प्रकार. तिथे जाळं म्हणजे मागच्या होडीवर चढवलेला एक पातळ पडदा. मागचं सगळं आधी पूर्ण करा, वाळू द्या, मग अगदी पातळ राखी वॉशचा एकच हात फिरवा आणि फाटलेल्या जागा तशाच कोऱ्या सोडा. ते मोकळे तुकडे म्हणजे अजून उरलेलं काम.

होडी कोणत्या धंद्याची आहे त्याप्रमाणे सामान जुळवा. सातपाटी, अर्नाळा, वर्सोव्याकडची डोल जाळ्याची (प्रवाहात रोवायच्या पिशवीसारख्या जाळ्याची) होडी, तिच्याजवळ बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव. सिंधुदुर्गात रापणीची होडी, तिच्यावर लांबलचक ओढजाळं आणि दोरखंडांचे ढीग. मालवणकडच्या लहान होडीला बाजूला उलांडी (तोल सांभाळणारा आडवा ओंडका), जी वर्सोव्यात दिसणार नाही. एकाच चित्रात उलांडी आणि बोंबलाचे मांडव दाखवणारी चित्रं विकली जातात, पण ती कुठल्याच गावची नसतात. मोठी पर्ससीनची (थव्याभोवती घेर टाकून आवळायच्या जाळ्याची) नौका जानेवारीतच निवांत पडलेली दिसली तर नवल नको. राज्याच्या २०१६ च्या आदेशानुसार पर्ससीनची परवानगी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच आहे.

ओहोटीनंतर

माणसांचा प्रश्न अर्धवट राहिलाय.

माणसं टाकायला हरकत नाही, पण त्या महिन्यात त्या किनाऱ्यावर जी असतात तीच टाका. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत खलाशी मोठ्या संख्येने नेपाळ, कर्नाटक, आंध्र, उत्तर प्रदेशातून आलेले असतात. बंदीच्या दोन महिन्यांत ते गावी जातात. जुलैच्या चित्रात होडीभोवती दहा खलाशी खोटे. तेव्हा किनाऱ्यावर मालक, घरातली माणसं, सुतार, फायबरचं काम करणारे आणि इंजिनाचे मिस्त्री. बायकांचं काम एप्रिल-मे मध्ये बघा. आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी वाळवणं, उलटणं, निवडणं चाललेलं असतं, बहुतेक उकिडवं किंवा वाकून. कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघणारी कोळीण चित्रांतच जास्त सापडते. कपडेही आजचे ठेवा. फुटबॉलची जर्सी आणि हाफपँट घातलेला खलाशी सुरकं (कोळ्यांचा पारंपरिक कमरेचा रुमाल) नेसलेल्यापेक्षा जास्त खरा.

आकृती पाऊण इंच उंचीची असेल तर डोकं म्हणजे एक ठिपका. चेहऱ्याच्या नादी लागू नका, वजन कुठे आहे ते पकडा. जाळं सांधणारा वाळूवर एक पाय लांब करून बसतो, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताण देतो आणि एका हातातली सुई घरांतून फिरवतो. अंगठा, गुडघा आणि मान या तीन बिंदूंना जोडणारी रेघ बरोबर आली की बाकी दोन डागांत भागतं. होडी लोटणाऱ्यांचे पाय शरीराच्या मागे असतात आणि टाचा उचललेल्या. पाय शरीराखाली काढलेत तर माणूस होडीला टेकून गप्पा मारतोय असं दिसतं. हर्णैला लिलावाच्या वेळी पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या दिसतील. तिथे बैलाच्या मानेचा कोन आणि चाकाचा बुडालेला भाग एवढ्यावर सगळं ओझं कळतं.

मोठ्यांचं काम बघायचं तर दोन उदाहरणं. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कलरकोट्स या मच्छीमार गावात राहिला आणि तिथल्या बायकांची जलरंगचित्रं केली. टोपल्या वाहणाऱ्या, जाळी सांधणाऱ्या, वाऱ्यात तोल सांभाळणाऱ्या. चेहरे साधेच, पण पाय जमिनीत रोवलेले. उलट व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या १८८८ मधल्या, फ्रान्सच्या सेंत-मारीच्या पुळणीवरच्या चार होड्यांत माणूस एकही नाही. होड्या पहाटेच निघून जायच्या, रंगायला वेळ मिळायचा नाही, म्हणून त्याने जागेवर रेखाटन केलं, त्यातच रंगांची नावं लिहून ठेवली, आणि जलरंग व तैलचित्र नंतर आर्ल्सला परतून केलं. तुम्हाला ही रीत उपयोगी पडेल. पावसाच्या उघडीपीत वीस मिनिटांचं रेखाटन, प्रत्येक फळीवर रंगाचं नाव आणि गडदपणाचा १ ते ५ मधला आकडा, ओघळांचे कोन बाणाने. मोबाइलचा फोटो जोडीला ठेवा, पण सावलीतला रंग फोटोवरून घेऊ नका, तो फोटोत काळा येतो.

एका बाबतीत वरच्या मंडळींशी माझं पटत नाही. सगळेच मोडकळीच्या, गंजलेल्या होड्यांमागे लागलेत. गंज म्हणजे कष्ट नव्हेत. पुष्कळदा गंज म्हणजे मालकाने धंदा सोडला. चालत्या होडीची निगा राखलेली असते. नवा कापूस भरलेली फट, ताज्या रंगाखाली दिसणारं जुनं ठिगळ, नीट गुंडाळलेली दोरी, एकावर एक रचलेले बर्फाचे क्रेट, टेकूखाली सरकवलेली पाचर. यांत कमाई चालू असल्याची खूण आहे. खाडीकाठ यांच्या यादीतून दोन खुणा झिजेच्या घ्या आणि दोन निगेच्या.

खाडीकाठ

हे खरं आहे, मान्य. झिजलेली होडी आणि टाकलेली होडी यांतला फरक ओळखायला सोपी खूण: टेकू बघा. चालत्या होडीचे टेकू दर उधाणानंतर ठोकून बसवलेले, पाचरी ताज्या, तळाखाली हवा खेळती. टाकलेल्या होडीच्या पठाणाशी वाळू चढलेली असते आणि मर्यादवेल फळ्यांपर्यंत आलेली.

बसण्याबद्दल दोन सूचना. होडी ज्या वाटेने पाण्यात जाते त्या वाटेवर स्टूल मांडू नका, ओंडके घरंगळतात. पसरलेल्या जाळ्यावरून चपला घालून जाऊ नका आणि नाळेवर पाय किंवा पॅलेट ठेवू नका, तिची पूजा होते.

कागदी_होडी

सगळ्यांचे आभार. महिन्याप्रमाणे चार चित्रं असा आराखडा करतोय: मे, जून, जुलै, ऑगस्ट, शक्यतो एकच होडी. शेवटचं एक विचारतो. जूनच्या चित्रात ती निळी ताडपत्री फार बोचते. सगळं चित्र खाऊन टाकते. गाळू का, झाप दाखवू?

ओला_ब्रश

गाळू नका, झाप नसेल तर झाप दाखवू नका. ती बोचते कारण तुम्ही तिला आभाळाच्याच निळ्याने रंगवत असणार आणि वर आभाळही निळं ठेवत असणार. जूनचं आभाळ राखी असतं. अल्ट्रामरीन आणि लाइट रेड पातळ मिसळून ते आधी पक्कं राखी करा. ताडपत्रीला फ्थॅलो ब्लू घ्या, पण त्यात एक अष्टमांश बर्न्ट सिएना टाकून, आणि फक्त घड्यांच्या सावलीत. वरच्या सपाट भागावर ओलं आभाळ परावर्तित होतं, तो जवळजवळ कोरा कागद सोडा. पाणी साचून पोट आलेल्या जागी एक गडद वळण, कडेच्या छिद्रांतून ओवलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला वाळूने भरलेला कॅन वजनाला लटकवलेला असेल तर तो नक्की घ्या. निळ्याची धार कमी करायला त्या कॅनचा पिवळा पुरेसा आहे.